ॲडमिरल किमेल यांच्या नावासाठी: एका नौदल कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हवाई बेटांवरील पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी केलेल्या हल्ल्यात २,४०३ अमेरिकी माणसे मरण पावली. त्यांपैकी १,१७७ जण एकट्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेवरचे होते. त्या दिवशी पॅसिफिक आरमाराचे प्रमुखपद ॲडमिरल हजबंड किमेल यांच्याकडे होते. १ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली होती आणि त्या पदासोबत चार ताऱ्यांचा तात्पुरता हुद्दा त्यांना मिळाला होता. हल्ल्यानंतर दहाव्या दिवशी, १७ डिसेंबर रोजी, त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते आपल्या कायम हुद्द्यावर, म्हणजे दोन ताऱ्यांच्या रिअर ॲडमिरलपदावर परतले.

पुढे साठ वर्षांहून अधिक काळ या माणसाच्या घराने त्याच्या नावासाठी जे प्रयत्न केले, त्यांचा हा अभ्यास आहे. पर्ल हार्बरचा दोष नेमका कोणाचा, याचा निकाल लावणे हा त्याचा हेतू नाही, आणि तसा निकाल एका लेखात लागणारही नाही. एका कर्त्या माणसावर सार्वजनिक ठपका आल्यावर घरच्यांनी कोणत्या वेळी कोणता निर्णय घेतला, तेव्हा दुसरा कोणता मार्ग खुला होता आणि त्या निर्णयाने काय साधले, एवढेच येथे पाहायचे आहे. प्रकरण सार्वजनिक नोंदींतले असल्यामुळे अधिकाऱ्यांची नावे दिली आहेत. घरातील बाकीच्यांचा उल्लेख शक्यतो नात्यानेच केला आहे.

हे घर नौदलाचेच होते. किमेल यांची पत्नी डोरोथी ही एका ॲडमिरलची मुलगी होती. तिचा भाऊ थॉमस किंकेड हाही नौदल अधिकारी होता आणि महायुद्धाच्या उत्तरार्धात सातव्या आरमाराचे नेतृत्व त्याच्याकडे आले. तीन मुलांपैकी थोरला मॅनिंग आणि मधला असे दोघे पाणबुडी दलात अधिकारी होते, आणि धाकटाही युद्धकाळात नौदलाच्या गणवेशात होता. ज्या संस्थेने वडिलांना दोषी ठरवले, तिचेच अन्न हे घर खात होते आणि तिच्याच शिस्तीत वावरत होते. या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक पेच या एका वस्तुस्थितीतून निर्माण झालेला आहे.

ठपका कसा आला

हल्ल्यानंतर काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने जानेवारी १९४२ च्या अखेरीस अहवाल दिला आणि किमेल व हवाईतील लष्करप्रमुख जनरल वॉल्टर शॉर्ट या दोघांवर कर्तव्यच्युतीचा ठपका ठेवला. हा आयोग म्हणजे न्यायालय नव्हते. किमेल यांना आरोपीचे हक्क नव्हते, आपल्या बाजूने वकील उभा करण्याची किंवा साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची मुभा नव्हती. ते केवळ साक्षीदार म्हणून बसले आणि अहवाल आला तेव्हा देशासमोर आरोपी ठरले.

देशात संताप होता. घरी निनावी पत्रे येऊ लागली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मुलगा, नवरा किंवा भाऊ गमावलेल्या हजारो घरांना रागावण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि त्या रागाला कोणीतरी एक चेहरा दिला होता. किमेल घराण्याच्या निष्ठेबद्दल लिहिताना त्या दुसऱ्या घरांच्या निष्ठेचा विसर पडला तर हा अभ्यास एकांगी होईल. पुढे सिनेटमध्ये जो विरोध झाला, त्याच्या मुळाशी तीही निष्ठा होती.

मूळ प्रश्न

माझ्या मते या प्रकरणात सुरुवातीपासून तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले होते, आणि ते वेगळे करणे घरच्यांना कधीच पूर्णपणे जमले नाही.

पहिला प्रश्न सुनावणीचा. किमेल यांना आपली बाजू मांडण्याची न्याय्य संधी मिळाली होती काय? याचे उत्तर १९४२ मध्ये स्पष्टपणे ‘नाही’ असे होते.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. त्यांच्याजवळ जी माहिती होती तिच्या आधारे त्यांनी पुरेशी दक्षता घेतली होती काय? हा प्रश्न सोपा नाही. २७ नोव्हेंबर १९४१ रोजी नौदलप्रमुख ॲडमिरल स्टार्क यांच्याकडून त्यांना संदेश आला होता आणि तो युद्धाचा इशारा समजावा असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मात्र हल्ल्याची शक्यता फिलिपिन्स, थायलंड, क्रा द्वीपकल्प किंवा बोर्निओ या दिशांना वर्तवली होती. ३ डिसेंबरला जपानी वकिलाती आपली सांकेतिक पुस्तके नष्ट करत असल्याचेही त्यांना कळले. जपानी विमानवाहू नौका नेमक्या कोठे आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने त्यांना सांगितले होते. तरीही उत्तरेकडे लांब पल्ल्याची हवाई टेहळणी ठेवली गेली नाही, आणि तळाच्या संरक्षणाची जबाबदारी असलेले लष्कर प्रत्यक्षात किती सज्ज आहे याची खातरजमा झाली नाही. याउलट, वॉशिंग्टनमध्ये ‘मॅजिक’ या नावाने ओळखले जाणारे, जपानी राजनैतिक संकेतलिपी फोडून मिळवलेले संदेश होते, आणि त्यांतील अत्यंत महत्त्वाचे काही किमेल यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. पर्ल हार्बरचे पाच भाग कल्पून कोणत्या भागात कोणती जहाजे नांगरलेली आहेत ते कळवा, असे टोकियोने होनोलुलूतील आपल्या वकिलातीला सप्टेंबर १९४१ मध्ये सांगितले होते. तो संदेश वॉशिंग्टनमध्ये वाचला गेला, पण ज्याची जहाजे तेथे उभी होती त्याला तो दाखवला गेला नाही. हल्ल्याच्या दिवशी सकाळी पाठवलेला शेवटचा इशारा तर खासगी तारसेवेने गेला आणि बॉम्ब पडून गेल्यावर हाती पडला.

तिसरा प्रश्न हुद्द्याचा. १९४७ च्या कायद्याने महायुद्धात उच्च हुद्द्यावर काम केलेल्या अधिकाऱ्यांना त्या सर्वोच्च हुद्द्यावर निवृत्त मानण्याची तरतूद केली. पात्र असलेल्यांपैकी किमेल आणि शॉर्ट या दोघांनाच तो लाभ दिला गेला नाही. घरच्यांच्या दृष्टीने ही शिक्षाच होती, आणि तीही कोणत्याही न्यायालयाने न दिलेली.

पहिला निर्णय: निवृत्ती स्वीकारावी की खटला मागावा

जानेवारी १९४२ च्या अखेरीस किमेल यांच्यासमोर हा प्रश्न उभा राहिला. जनरल शॉर्ट यांनी निवृत्तीचा अर्ज दिल्याचे त्यांना कळवण्यात आले आणि त्यांनीही तो द्यावा अशी अपेक्षा त्यातून व्यक्त झाली. त्यांनी अर्ज दिला आणि १ मार्चपासून ते निवृत्त झाले. निवृत्ती मंजूर करताना मात्र तिने कोणताही अपराध माफ होत नाही आणि पुढील शिस्तभंगाच्या कारवाईला बाध येत नाही, अशा अर्थाची भाषा घालण्यात आली. शिवाय लष्करी न्यायालयासमोर खटला भरला जाईल, पण तो जनहित आणि सुरक्षितता यांना अनुकूल अशा वेळी, असे जाहीर झाले. खटल्याची टांगती तलवार राहिली आणि उत्तर देण्याची जागा मात्र उरली नाही.

अर्ज न देता त्याच वेळी उघड खटल्याची मागणी करण्याचा पर्याय होता. कागदोपत्री तो अधिक ताठ दिसतो. पण युद्ध ऐन भरात असताना, सरकार खटला चालवायला तयार नसताना, त्या मागणीने काय साधले असते याची मला शंका आहे. आपण अर्ज नाकारला असता तर सरकारला अडचणीत आणले असते, ही जाणीव एका जुन्या अधिकाऱ्याच्या मनात नसेल असे म्हणता येत नाही. चूक झाली असेल तर ती दुसऱ्या ठिकाणी: निवृत्तीच्या पत्रातील ती अट वाचल्यावर लगेच आपला लेखी आक्षेप नोंदवून ठेवायला हवा होता. सरकारी फाइलमध्ये पहिल्या आठवड्यात लागलेल्या कागदाचे वजन वीस वर्षांनी लिहिलेल्या दहा पत्रांना येत नाही.

पुढील निर्णय मात्र ठाम होता. कायद्याने ठरलेली खटल्याची मुदत १९४३ च्या अखेरीस संपत होती. ती संपू दिली असती तर किमेल सुरक्षित झाले असते, पण डाग तसाच राहिला असता. त्यांनी मुदतीचा बचाव लेखी सोडून दिला आणि उघड खटल्याची मागणी केली. घरातील पुढच्या पिढ्यांनी या घटनेचा वारंवार आधार घेतला, आणि तो रास्तही होता. दोषी माणूस सहसा अशी सवलत नाकारत नाही.

दुसरा निर्णय: गुप्त माहितीचे काय करावे

१९४४ च्या आरंभी नौदलाच्या संकेतलिपी विभागातील कॅप्टन लॉरन्स सॅफर्ड यांनी किमेल यांना ‘मॅजिक’ संदेशांबद्दल सांगितले. सॅफर्ड यांचा आधी असा समज होता की हे संदेश किमेल यांच्याकडे जात होते. तसे नव्हते हे लक्षात आल्यावर ते स्वतःहून पुढे आले. किमेल यांच्या हाती प्रथमच असे काही आले होते की ज्याने त्यांची बाजू पालटू शकत होती.

या प्रकरणातील हा सर्वांत अवघड निर्णयबिंदू आहे. जपानी संकेतलिपी अमेरिकेने फोडलेली आहे हे वृत्तपत्रांत आले असते तर त्याच आठवड्यात जपानने ती बदलली असती आणि पॅसिफिकमध्ये लढणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतले असते. त्या माणसांत किमेल यांची स्वतःची मुले होती. बापाच्या नावावरचा डाग पुसणारा पुरावा उघड करणे आणि मुलाची पाणबुडी सुरक्षित राहणे या दोन गोष्टी समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या. किमेल आणि त्यांचे वकील यांनी हे संदेश चौकशी न्यायालयाच्या बंद दारांआड मागितले आणि काही खटपटीनंतर ते तेथे सादर झाले. जनतेला त्यांची माहिती युद्ध संपल्यावरच झाली.

ॲडमिरल मर्फिन, काल्बफस आणि अँड्र्यूज या तीन सदस्यांच्या नौदल चौकशी न्यायालयाचे काम २४ जुलै १९४४ रोजी सुरू झाले. दोनच दिवसांनी, २६ जुलै रोजी, मॅनिंग किमेल याच्या नेतृत्वाखालील ‘रोबालो’ ही पाणबुडी फिलिपिन्समधील पलावान बेटाजवळ बुडाली; ती पाणसुरुंगावर आदळली असावी असे मानले जाते. काही थोडे खलाशी किनाऱ्याला लागून जपान्यांच्या कैदेत पडले, पण युद्धाअखेर त्यांपैकी कोणीही परत आले नाही. वडील न्यायालयात आपल्या कर्तव्यनिष्ठेची साक्ष देत असताना त्यांचा थोरला मुलगा त्याच नौदलाच्या कामी आला होता. या घराने त्या वर्षी काय सोसले याची मोजदाद कोणत्याही अहवालात नाही, आणि ती या अभ्यासातही करता येणार नाही.

न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष काढला की किमेल यांच्याकडून कर्तव्यच्युती झालेली नाही. उलट हाती असलेली माहिती हवाईला न कळवल्याबद्दल स्टार्क यांच्यावर टीका केली. मात्र वरिष्ठांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारला नाही. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल किंग यांच्या शेऱ्यानंतर नौदलमंत्री फॉरेस्टल यांनी किमेल व स्टार्क या दोघांनीही आवश्यक ती श्रेष्ठ निर्णयबुद्धी दाखवली नाही असे ठरवले. शिवाय हे सारे ऑगस्ट १९४५ पर्यंत गुप्त राहिले. ‘कर्तव्यच्युती’ हा शब्द १९४२ मध्ये पहिल्या पानावर छापला गेला होता, आणि ती झाली नाही असे सांगणारा कागद जवळजवळ वर्षभर तिजोरीत होता.

तिसरा निर्णय: काँग्रेसचा निष्कर्ष पुरेसा मानावा काय

युद्धानंतर अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने नोव्हेंबर १९४५ पासून पुढील वर्षीच्या मेपर्यंत चौकशी केली. तिच्यासमोर किमेल यांना प्रथमच उघडपणे बोलता आले. जुलै १९४६ च्या अहवालात समितीच्या बहुमताने म्हटले की हवाईतील सेनापतींच्या हातून निर्णयाच्या चुका झाल्या, कर्तव्यच्युती झाली नाही.

येथे घरच्यांना थांबता आले असते. सर्वांत गंभीर शब्द मागे घेतला गेला होता, आणि तोही देशाच्या विधिमंडळाच्या समितीने. निर्णयाची चूक हा कोणत्याही सेनापतीच्या वाट्याला येणारा शेरा आहे; त्याने अब्रू जात नाही. पण किमेल थांबले नाहीत आणि मुलेही थांबली नाहीत. एक कारण १९४७ च्या कायद्याने दिले: दोनच माणसांना वगळणे म्हणजे समितीने मागे घेतलेला शब्द दुसऱ्या दाराने परत आणणे, असे त्यांना वाटले. मला हे वाटणे समजण्यासारखे दिसते.

दुसरे कारण अधिक खोल होते आणि त्याने नुकसान केले. आयुष्याच्या अखेरच्या काळात किमेल यांची अशी पक्की समजूत झाली की रूझवेल्ट आणि त्यांच्या निकटवर्तीयांना हल्ल्याची कल्पना होती व त्यांनी ती जाणूनबुजून दडवली. १४ मे १९६८ रोजी कनेटिकट राज्यातील ग्रॉटन येथे त्यांचे निधन झाले तोपर्यंत ते जाहीरपणे असे बोलू लागले होते. माहिती पोहोचली नाही हे सिद्ध करता येत होते. ती मुद्दाम दडवली हे सिद्ध करता येत नव्हते, आणि गंभीर इतिहासकारांच्या बहुसंख्येने ते कधी मान्यही केले नाही. पहिल्या दाव्याला दुसरा चिकटल्यामुळे, ज्यांना पहिला पटत होता तेही सावध झाले. ॲडमिरलना न्याय द्या म्हणणे म्हणजे दिवंगत राष्ट्राध्यक्षांवर देशद्रोहाचा आरोप मान्य करणे, असा अर्थ विरोधकांना लावता आला.

मुलांपुढे वडिलांच्या मृत्यूनंतर जो पेच आला असेल तो ओळखीचा आहे. वडिलांनी अखेरपर्यंत जे म्हटले ते सोडून द्यायचे तर ती बेइमानी वाटते. धरून ठेवायचे तर त्यांचेच काम बिघडते. वडिलांची बाजू घेणे आणि वडिलांचे प्रत्येक म्हणणे पुढे नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्या माणसाला सांगणे बाहेरच्याला सोपे जाते. तरीही ते कोणीतरी सांगायला हवे होते.

चौथा निर्णय: कोणाकडे आणि काय मागावे

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मधल्या आणि धाकट्या मुलाने औपचारिक प्रयत्न सुरू केले. मधला नौदलातून निवृत्त झालेला होता, धाकटा डेलावेअर राज्यात राहणारा वकील. वडिलांच्या १९४४ च्या वकिलांपैकी एक, एडवर्ड हॅनिफी, वृद्धापकाळीही त्यांच्या मदतीला उभे राहिले. मागणी एकच होती: निवृत्तांच्या यादीत वडिलांना चार ताऱ्यांचा हुद्दा परत द्यावा.

मार्ग तीन होते. पहिला, लष्करी सेवानोंदी दुरुस्त करणाऱ्या प्रशासकीय मंडळाकडे जाण्याचा. जनरल शॉर्ट यांच्या मुलाने तो वापरला होता, आणि १९९१ मध्ये लष्कराच्या मंडळाने बहुमताने त्याच्या बाजूने शिफारस केली. पण वरच्या अधिकाऱ्याने ती फेटाळली. हा अनुभव किमेल कुटुंबाला निरुत्साही करणारा असणार. दुसरा मार्ग संरक्षण खात्याकडे थेट दाद मागण्याचा, आणि तिसरा काँग्रेसचा.

एप्रिल १९९५ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या पुढाकाराने कुटुंबीय, इतिहासकार आणि संरक्षण खात्याचे अधिकारी यांची बैठक झाली. त्यानंतर संरक्षण उपमंत्री एडविन डॉर्न यांनी फेरतपासणी करून डिसेंबर १९९५ मध्ये अहवाल दिला. त्यातील दोन निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. पर्ल हार्बरची जबाबदारी केवळ किमेल आणि शॉर्ट यांच्या खांद्यावर टाकता येत नाही, ती अनेकांत विभागलेली आहे, हे डॉर्न यांनी मान्य केले. त्याच वेळी त्यांनी असेही म्हटले की चार ताऱ्यांचा हुद्दा पदाशी जोडलेला होता, पद गेल्यावर हुद्दा जाणे ही शिक्षा नाही, आणि निवृत्तीनंतर तो देण्याइतका आधार कागदपत्रांत नाही.

कुटुंबाने हा अहवाल पराभव मानला, आणि माझ्या दृष्टीने हा या प्रकरणातील सर्वांत मोठा हुकलेला क्षण आहे. बापावर फोडलेले खापर त्याचे एकट्याचे नव्हते, हे संरक्षण खात्याने स्वतःच्या कागदावर लिहून दिले होते. त्यापुढची स्वाभाविक मागणी ही होती की तो कागद ॲडमिरलच्या सेवानोंदीत कायमचा जोडावा, नौदलाच्या अधिकृत इतिहासलेखनात तो उद्धृत व्हावा आणि नौदलमंत्र्यांनी तो जाहीरपणे वाचून दाखवावा. अशा मागणीला नकार देणे खात्याला कठीण गेले असते, कारण ते खात्याचेच शब्द होते. हुद्द्याच्या मागणीवर मात्र खात्याकडे तयार उत्तर होते, आणि लढाई नेमकी त्याच जमिनीवर चालू राहिली.

घडलेल्या गोष्टी

काँग्रेसमधील प्रयत्नाला चांगले यश आले. धाकटा मुलगा डेलावेअरचा रहिवासी असल्याने त्या राज्याचे दोन्ही सिनेटर, रिपब्लिकन विल्यम रॉथ आणि डेमोक्रॅट जो बायडेन, पक्षभेद बाजूला ठेवून प्रस्तावामागे उभे राहिले. स्थानिक लोकप्रतिनिधीला आधी विश्वासात घेण्याचा हा निर्णय अचूक होता. २५ मे १९९९ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी ठराव मंजूर केला. विरोधात बोलणाऱ्यांत माजी नौदलमंत्री सिनेटर जॉन वॉर्नर होते. पन्नास वर्षांनंतर विधिमंडळाने सेनापतींच्या जबाबदारीचा फेरनिवाडा करू नये, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. पाच मतांचा फरक सांगतो की शंका खरी होती आणि ती एकाच पक्षाची नव्हती.

पुढे ३० ऑक्टोबर २००० रोजी स्वाक्षरी झालेल्या संरक्षणविषयक कायद्यात, किमेल आणि शॉर्ट यांना त्यांचे युद्धकाळातील सर्वोच्च हुद्दे निवृत्तांच्या यादीत द्यावेत अशी विनंती राष्ट्राध्यक्षांना करण्यात आली. विनंतीच ती; बंधन नव्हे. तेव्हापासून एकाही राष्ट्राध्यक्षाने तिच्यावर कृती केलेली नाही. ज्यांनी सिनेटर म्हणून पाठिंबा दिला होता ते बायडेन स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले, तरीही हुद्दा मिळाला नाही.

त्याच कायद्यातील दुसरे उदाहरण

त्याच कायद्यात आणखी एका नौदल अधिकाऱ्याचा उल्लेख होता, आणि तुलनेसाठी तो मोलाचा आहे. कॅप्टन चार्ल्स मॅकव्हे हे ‘इंडियानापोलिस’ या क्रूझरचे कप्तान होते. ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीने ती बुडवली. जहाजावरील १,१९५ जणांपैकी ३१६ वाचले. जहाज नागमोडी मार्गाने न चालवल्याबद्दल त्यांना लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले, जरी ज्या जपानी कप्तानाने जहाज बुडवले त्यानेच, नागमोडी चालवूनही फरक पडला नसता, अशी साक्ष दिली होती. मॅकव्हे यांनाही मृतांच्या नातेवाइकांची पत्रे वर्षानुवर्षे येत राहिली आणि १९६८ मध्ये, किमेल गेले त्याच वर्षी, त्यांनी आत्महत्या केली.

त्यांच्या मुलांनीही बापाचे नाव स्वच्छ करण्यासाठी धडपड केली. पण त्या मोहिमेचा चेहरा बहुतांशी जहाजावरून वाचलेल्या खलाशांचा होता, आणि नव्वदच्या दशकात शालेय इतिहास प्रकल्पासाठी त्या खलाशांना भेटलेल्या फ्लोरिडातील एका मुलामुळे ती देशापुढे आली. ज्यांचे साथीदार शार्कच्या तोंडी गेले तीच माणसे आमच्या कप्तानाचा दोष नव्हता असे म्हणत होती. नंतर जुलै २००१ मध्ये नौदलमंत्र्यांनी काँग्रेसचा निष्कर्ष मॅकव्हे यांच्या सेवानोंदीत जोडण्याचा आदेश दिला. न्यायालयाचा निकाल पुसला गेला नाही, पण त्या निकालाशेजारी दुसरा कागद लागला.

दोन्ही प्रकरणांत एकाच दिवशी एकाच कायद्याने शब्द उच्चारले, आणि एकालाच काही मिळाले. एका बाजूला न्यायालयाने दोषी ठरवलेला माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला कोणत्याही न्यायालयाने दोषी न ठरवलेला. तरीही दुसऱ्याचे काम अडले. मॅकव्हे यांच्यासाठी जे मागितले ते नोंदीतील सत्य होते आणि ते देण्याचा अधिकार एका मंत्र्याच्या हाती होता. किमेल यांच्यासाठी जे मागितले तो सन्मान होता आणि तो राष्ट्राध्यक्षाला द्यायचा होता, ज्याला त्यासाठी २,४०३ मृतांच्या स्मृतीसमोर उभे राहून बोलावे लागले असते.

वेगळे काय करता आले असते

काही गोष्टी कुटुंबाने उत्तम केल्या आणि त्या कोणाही घराला उपयोगी पडतील. खटल्याची मुदत सोडून देणे, गुप्त पुरावा युद्ध संपेपर्यंत न्यायालयाबाहेर न काढणे, शत्रुत्व न धरता मुलांनी त्याच दलात सेवा चालू ठेवणे, आणि दोन्ही पक्षांच्या सिनेटरना बरोबर घेणे. यांतील पहिल्या दोन निर्णयांमुळे विरोधकांनाही या माणसाच्या हेतूवर बोट ठेवता आले नाही.

माझ्या मते बदल तीन ठिकाणी करता आला असता. सुनावणी, जबाबदारी आणि हुद्दा हे तीन प्रश्न वेगळे मांडून, जो जिंकता येईल तो आधी पूर्ण करून घ्यायला हवा होता. रूझवेल्ट यांच्यावरील आरोपापासून मुलांनी स्वतःला लेखी वेगळे करायला हवे होते. वडिलांच्या मताचा मान राखून, ‘आमची मागणी त्यावर अवलंबून नाही’ एवढे एक वाक्य पुरेसे झाले असते. आणि मृत खलाशांच्या घरांशी त्यांनी अगदी लवकर, प्रसिद्धीशिवाय, बोलायला हवे होते. पर्ल हार्बरमधून वाचलेल्या अनेक सैनिकांनी पुढे किमेल यांना पाठिंबा दिला, पण मोहिमेचा आवाज शेवटपर्यंत मुलांचा आणि नातवांचा राहिला. बापासाठी मुलगा बोलतो तेव्हा ऐकणारा हळहळतो, पण त्याच्या शब्दाला पुरावा मानत नाही. ज्याचा भाऊ ‘ॲरिझोना’वर गेला तो बोलला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

सध्याची स्थिती

मागणी आता नातवांच्या पिढीकडे आहे आणि ती अजूनही हुद्द्याचीच आहे. १९४४ चा नौदल न्यायालयाचा निष्कर्ष, १९४६ चा काँग्रेसच्या समितीचा अहवाल आणि १९९५ चा डॉर्न यांचा अहवाल हे तीनही कागद आज कोणालाही वाचता येतात, आणि त्यांतल्या एकातही किमेल यांना कर्तव्यच्युत म्हटलेले नाही. त्यांच्या सेवानोंदीत या तिघांचे निष्कर्ष एकत्र जोडण्याचा आदेश नौदलमंत्री राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय देऊ शकतात. मॅकव्हे यांच्या बाबतीत तसे केले गेले आहे. हुद्द्याचा आग्रह न सोडताही, अशा आदेशासाठीचा अर्ज आधी दाखल करण्यात कुटुंबाचे काहीच जाणार नाही.